फुग्यातली हवा, डोंग्याखालची हवा

गावच्या तलावात पोहायला शिकलेल्या बहुतेकांनी हा खेळ खेळलेला असतो. एकाने लांब जाऊन पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटायचे आणि दुसऱ्याने डोके बुडवून ऐकायचे. काठावर बसलेल्याला काही कळत नाही, पण बुडालेल्याच्या थेट कवटीत ‘खट्’ वाजते. दगड आपल्या कानाशीच आपटला असे वाटते, आणि तो कोणत्या बाजूला आपटला हे काही केल्या सांगता येत नाही. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो. एका कानावरून दुसऱ्या कानावर तो इतक्या झटकन पोहोचतो की डावे-उजवे ठरवायला मेंदूला अवधीच मिळत नाही.

गोसीखुर्दच्या पाण्याचा विचार करताना मला हा खेळ हटकून आठवतो. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर हे धरण उभे आहे. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अकरा किलोमीटरहून लांब भिंत, 33 दरवाजे आणि मागे भंडारा शहरापर्यंत गेलेला फुगवटा. आसपासची माणसे त्याला ‘गोसे’ किंवा ‘गोसेखुर्द’ म्हणतात. या पाण्यासाठी ऐंशीहून अधिक गावे उठली. घरांची जोती, धुऱ्यांवरची झाडे, विहिरी, पांदणी आणि नदीचे जुने पात्र असे सगळे त्या सपाट, शांत पाण्याखाली आहे.

नदी नदी होती तेव्हा कुठला डोह किती खोल, कुठे खडक, कुठे रेती, हे वैनगंगेकाठच्या ढिवर समाजाला पाठ होते. बापाने मुलाला दाखवलेला तो नकाशा होता, कागदावर कधीच न उतरलेला. धरण भरले आणि तो नकाशा पुसला गेला. आता त्यांचा लाकडी डोंगा ज्या पाण्यावरून जातो, त्याच्या खाली काल काय होते ते आठवते. पण नेमके कुठे, हे वरून कळत नाही. म्हणून माशांचा ठाव घेणाऱ्या सोनार यंत्राची गोष्ट मला इथल्या पाण्यावर ठेवून सांगावीशी वाटते. समुद्रावरच्या मोठ्या बोटींवर ते रुळले आहे. पण खरे विचाराल तर त्याच्यासाठी डोंग्याइतकी चांगली जागा क्वचितच असेल. ते का, ते पुढे येईलच.

पाण्याखाली पाहायला प्रकाश चालत नाही का? चालतो, पण थोडाच. नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला, आणि ते सगळे या जलाशयात येते. पावसाळ्यात वरून गाळही उतरतो. अशा पाण्यात हातभर खालचे दिसत नाही. आवाजाला मात्र गढूळपणाची फारशी तमा नसते. त्याला अडवते ती वेगळीच गोष्ट, आणि या लेखाचा सगळा जीव तिच्यात आहे.

आवाजाने आतले ओळखणे आपल्याला नवे नाही. बाजारात मडके घेताना आपण बोटाच्या पेराने ते वाजवून पाहतो. भेग डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. तिथे तर भांडे वाजवून घेण्याचीच रीत. सोनार यंत्रही तेच करते. पाणी वाजवते, आणि परत आलेला नाद ऐकते.

नाद परतायला लागलेल्या वेळावरून खोली काढायची, तर आवाजाचा वेग माहीत हवा. पाण्यातला हा वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो 1826 मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा सरोवरावर. कोलादों आणि स्टुर्म असे दोघे शास्त्रज्ञ. एका नावेखाली पाण्यात घंटा टांगलेली. ती वाजवायची त्याच क्षणी नावेवर बंदुकीची दारू पेटवून लखलखाट करायचा. तेरा किलोमीटरच्या आसपास दूर दुसऱ्या नावेत बसलेला माणूस लांब नळा पाण्यात सोडून ऐकत असे. उजेड दिसला की घड्याळ सुरू, घंटा ऐकू आली की बंद. रात्रीच्या अंधारात, हातातल्या घड्याळावर त्यांनी आकडा काढला सेकंदाला 1435 मीटर. पाणी तेव्हा 8 अंशांवर होते. त्या तापमानाला आजची अचूक उपकरणे जो वेग सांगतात, त्यात आणि या आकड्यात जेमतेम चार-पाच मीटरचा फरक आहे. मला हे वाचून अजूनही थक्क व्हायला होते.

आपल्याकडचे पाणी गरम, त्यामुळे वेग थोडा जास्त. 20 अंशांना साधारण 1482 मीटर, 30 अंशांना 1509. हिशेबाला सेकंदाला दीड हजार मीटर धरा. गोसीखुर्दच्या धरणाची उंची साडेबावीस मीटर आहे, म्हणजे खोलातला खोल भागही वीस-बावीस मीटरच्या आतबाहेरच. समजा दहा मीटर पाणी आहे. आवाज तळाला जाऊन परत यायला वीस मीटर चालतो, त्याला लागतात सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले तेरा. एवढ्या वेळात आपली पापणी अर्धीही मिटत नाही. यंत्र मात्र तेवढ्यात हाक मारून, उत्तर ऐकून, वेळ मोजून, तळ किती खाली आहे ते लिहून मोकळे झालेले असते, आणि पुढची हाक मारायला तयार असते.

ही हाक मारणारी आणि ऐकणारी वस्तू म्हणजे ट्रान्सड्यूसर. पाण्यात बुडवलेली प्लास्टिकची किंवा ब्राँझची एक डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला पडदा. डबीच्या पोटात चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या पदार्थाची एक चकती असते. तिचा सख्खा भाऊ तुमच्या स्वयंपाकघरात आहे. गॅस पेटवायच्या लायटरचे बटण दाबले की आत एक छोटा हातोडा अशाच पदार्थाच्या तुकड्यावर आपटतो आणि त्यातून हजारो व्होल्टची ठिणगी उडते. दाबले की वीज देणाऱ्या स्फटिकांचा हा गुण पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी 1880 मध्ये शोधला. उलटेही खरे: वीज दिली की तो पदार्थ किंचित फुगतो-आकसतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या पॉल लाँजव्हँने पाणबुड्या शोधण्यासाठी क्वार्ट्‌झचे पातळ तुकडे पोलादी पत्र्यांत बसवून पाण्यात हाका मारल्या. आपल्या डबीतही एकच चकती हाक मारते, मग गप्प होते, आणि परत आलेल्या आवाजाच्या दाबाने तिच्यातच पुन्हा वीज उमटते. तोंड आणि कान एकच.

मासेमारीसाठी हे यंत्र पहिल्यांदा विकले गेले जपानमध्ये, 1948 साली. नागासाकीकडचे फुरुनो बंधू मासेमारी बोटींवरची विजेची कामे करत. जिथे माशांचा थवा असतो तिथून बुडबुडे वर येतात, हे एका जुन्या कोळ्याचे बोलणे त्यांच्या डोक्यात घोळत राहिले, असे त्या कंपनीच्या इतिहासात सांगतात. बुडबुडे म्हणजे हवा. त्यांनी नकळत बरोबर धाग्याला हात घातला होता.

मासा आवाजाला दिसतो तरी कसा? माशाचे मांस जवळजवळ पाण्यासारखेच आहे, घनतेलाही आणि आवाजाच्या वेगालाही. आवाज त्यातून सरळ पार होतो, काचेतून उजेड जावा तसा. निव्वळ मांस असते तर मासा पडद्यावर पुसटच राहिला असता. पण मासळी साफ करताना आतून एक पांढरा, चमकदार फुगा निघतो. लहान मुले तो पायाखाली फोडतात. पाठ्यपुस्तकात त्याला वाताशय म्हणतात. त्यात हवा भरून मासा पाण्यात अधांतरी तरंगतो. खाऱ्या पाण्यातल्या माशात हा फुगा शरीराच्या सुमारे 5 टक्के असतो, गोड्या पाण्यातल्या माशात सुमारे 7 टक्के. कारण गोडे पाणी हलके, ते माशाला कमी तोलून धरते. आणि पाण्यातून येणारा आवाज हवेच्या पृष्ठावर आदळला की त्याची हजारातली नऊशे नव्व्याण्णव भाग शक्ती परत फिरते. पाण्यातल्या आवाजासाठी हवेसारखा दुसरा आरसा नाही. पडद्यावर जो मासा दिसतो, तो मासा बहुतांशी त्याच्या पोटातली हवा असते.

याहून नवलाची गोष्ट अशी की रोहू, कटला, मृगळ आणि शिंगीसारखे मासे स्वतःही याच फुग्याने ऐकतात. त्यांच्या फुग्यापासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी गेलेली असते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने 1820 मध्ये तिचे वर्णन केले. पाण्यातला आवाज फुग्याला थरथरवतो, हाडे ती थरथर कानात पोहोचवतात. जाळे लावून काठीने पाणी बडवले की मासे उधळून जाळ्यात शिरतात, त्यामागे ही साखळीही आहे. पण त्यांचे ऐकणे सेकंदाला काही हजार कंपनांपर्यंतच. सोनार बोलतो दोन लाख कंपनांत. माशाच्या डोक्यावरून हाका चाललेल्या असतात आणि त्याला पत्ता नसतो.

आता निवड. दुकानात पहिला प्रश्न येतो तो किलोहर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला किती हजार कंपने याचा: 50, 83, 200, 455, 800. खोल समुद्रासाठी 50 चांगले, कारण जाडाभरडा आवाज लांब जातो. समुद्राच्या पाण्यात विरघळलेले मॅग्नेशियम सल्फेट बारीक आवाज गिळून टाकते. गोड्या पाण्यात ते जवळजवळ नाहीच. 200 किलोहर्ट्‌झचा आवाज समुद्रात ज्या वेगाने विरतो, त्याच्या कितीतरी पट कमी वेगाने तो वैनगंगेत विरतो. त्यातून आपली खोली फार तर वीस-बावीस मीटर. म्हणून गोसीखुर्दसाठी 50 किलोहर्ट्‌झवर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. 200 च्या आसपासचा आवाज घ्यावा; त्याची एक लाट साडेसात मिलिमीटरची, म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान वस्तूही तिला जाणवते. बुडालेल्या झाडांच्या फांद्या, भिंती, विहिरीचे काठ ओळखायचे असतील तर 455 किंवा 800 चा जोड हवा. तिथे लाट दोन-तीन मिलिमीटरवर येते आणि चित्र रेखीव होते.

‘चर्प’ असा शब्दही ऐकाल. एकाच सुराची टिकटिक करण्याऐवजी हे यंत्र प्रत्येक हाकेत खालच्या सुरावरून वरच्या सुराकडे सरकते. परत आलेल्या नादातला कुठला सूर कधी आला हे पाहून एकमेकांना खेटून असलेले दोन मासे ते वेगळे करते. संध्याकाळी पाण्यावर किडे टिपणारी छोटी वटवाघळे अगदी असेच सरकते सूर काढतात. फक्त ती वरच्या सुरावरून खालच्या सुराकडे येतात. माणसाने हे गणिताने शोधले, त्यांच्याकडे ते कोट्यवधी वर्षांपासून आहे.

दुसरा प्रश्न कोनाचा. आवाज ट्रान्सड्यूसरमधून शंकूसारखा खाली पसरतो. 20 अंशांचा शंकू दहा मीटर खोलीवर साडेतीन मीटर रुंद जागा व्यापतो, 40 अंशांचा सात मीटरहून जास्त. इथे मनाला चकवणारी एक गोष्ट आहे: चकती जितकी मोठी, तितका शंकू अरुंद. तोंडाभोवती हातांची ओंजळ धरून हाक मारली की ती एका दिशेला जाते, तसेच हे. उथळ पाण्यात रुंद शंकू घ्यावा, नाहीतर नावेखालची जेमतेम घोंगडीएवढी जागा दिसेल. मात्र रुंद शंकूची किंमत मोजावी लागते, आणि ती कशी ते आपल्या तीन माशांवरून कळते.

कटला वर चरतो, रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी. शेततळ्यात तिन्ही एकत्र सोडतात ते याच कारणाने. सोनारला यातला रोहू सर्वांत नीट दिसतो. कटला पृष्ठाजवळ असला तर निसटतो. कारण हाक मारल्यावर चकती क्षणभर घंटेसारखी घुमत राहते, आणि स्वतः घुमत असताना तिला जवळचे ऐकू येत नाही. शिवाय वर शंकूची रुंदीही वितीएवढीच. मृगळाचे दुखणे उलटे. शंकूच्या कडेला तळाजवळ असलेला मासा आणि बरोबर नावेखालचा तळ हे ट्रान्सड्यूसरपासून सारख्याच अंतरावर येतात, दोघांचे आवाज एकाच वेळी परततात, आणि तळाच्या मोठ्या आवाजात माशाचा आवाज बुडून जातो. शंकू जितका रुंद, तितका मृगळ जास्त लपतो. काठाच्या गवतातल्या मरळीसाठी तर हे यंत्र नाहीच. तिथे ढिवरांचे डोळेच कामाचे.

पडद्यावर मासा कमानीसारखा का दिसतो, हाही प्रश्न पडतो. पडदा हा फोटो नव्हे, तो काळ आहे. उजवी कड म्हणजे ‘आत्ता’. डावीकडे सरकत जाते ते होऊन गेलेले. नाव पुढे जाताना मासा आधी शंकूच्या कडेला येतो, म्हणजे तिरका, थोडा लांब. मग बरोबर खाली येतो, सर्वांत जवळ. मग पुन्हा लांब. लांब-जवळ-लांब हे अंतर काळाच्या ओळीत मांडले की कमान होते. नाव उभी आणि मासाही उभा असेल तर कमान नाही, सरळ आडवी रेघ. तळाचेही असेच वाचन आहे: खडक ठसठशीत रेघ देतो, कधी आवाज तळ आणि पृष्ठ यांमध्ये दोनदा फिरून खाली दुसरी रेघही उमटवतो. मऊ गाळ आवाज मुरवतो. जिथे गाळात काडीकचरा कुजतो तिथून वायूचे बुडबुडे सुटतात, आणि ते पडद्यावर हुबेहूब माशासारखे दिसतात. एका जागी उभे राहून पाहा. ठिपका सतत वरच सरकत असेल तर तो मासा नसून बुडबुडा आहे.

जी हवा माशाच्या पोटात असते म्हणून मासा दिसतो, तीच हवा ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी आली की सगळे आंधळे होते. आरसा खाली माशाजवळ असायला हवा. तो डोळ्यालाच चिकटला तर पुढचे काय दिसणार? बसवण्याचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात, पाठ करायची गरज नाही.

इंजिनाची फायबर नाव असेल तर ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर बसवतात, तोंड बरोबर खाली, बुडाच्या पातळीपेक्षा केसभर खालीच, वर मुळीच नाही. पंख्यापासून हातभर लांब, कारण पंखा पाण्यात फेस घुसळतो. बुडाला जिथे पट्टी, खिळा किंवा उंचवटा आहे त्याच्या मागच्या रेषेत नको, तिथूनही बुडबुड्यांची माळ निघते. नाव वेगात गेली की पडदा कोरा होतो, अशी तक्रार ऐकली तर आधी इथे पाहावे. यंत्र बहुधा निर्दोष असते. वायर इंजिनाच्या वायरींपासून वेगळी न्यावी, नाहीतर पडद्यावर पाऊस पडल्यासारखे ठिपके येतात.

भरीव फायबरच्या बुडाला भोकच न पाडता आतून ट्रान्सड्यूसर चिकटवता येतो. आवाज फायबरमधून पार होतो. पण चिकटवण्याच्या थरात एकही बुडबुडा राहता कामा नये. आधी खात्री करायची सोपी युक्ती आहे: प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून ट्रान्सड्यूसर तिच्यात ठेवा, पिशवी आतून ओल्या बुडावर दाबून धरा आणि खोली बरोबर दाखवते का ते पाहा. फायबरच्या दोन थरांमध्ये फोम भरलेला असेल तर काही दिसणार नाही. लाकडातूनही नाही. लाकूड म्हणजे हवेच्या बारीक नळ्यांची मोळीच. लोखंडी पत्र्यातूनही हे यंत्र नीट पाहू शकत नाही.

लाकडी डोंग्यासाठी म्हणूनच मी बांबूच्या बाजूने आहे. सरळ, जाड बांबू किंवा पाइप घ्या, त्याच्या खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर पक्का बांधा आणि तो डोंग्याच्या कडेला दोन ठिकाणी असा आवळा की हलणार नाही. पाण्यात वीतभर बुडाला की पुरे. तेवढी वीत पडद्यावरच्या आकड्यात मिळवायची, बहुतेक यंत्रांत ती एकदाच भरून ठेवता येते. ज्या बाजूने जाळे ओढता त्याच्या उलट बाजूला बांधा, म्हणजे जाळे अडकणार नाही. बांबू ओळंब्यात हवा. तो दहा अंश कलला तर दहा मीटर खाली तुम्ही पावणेदोन मीटर बाजूचे पाहत असता आणि जाळे भलतीकडे पडते. काठाजवळ किंवा झाडाझुडपांत शिरताना बांबू वर उचलून घेता येतो, ही सोय पक्क्या बसवलेल्या ट्रान्सड्यूसरला नाही.

आणि डोंगा वल्ह्याने चालतो. त्याला पंखा नाही, फेस नाही, इंजिनाची विजेची गडबड नाही. शहाण्या डिझाइनचे महागडे ट्रान्सड्यूसर ज्या शांततेसाठी धडपडतात ती डोंग्याला जन्मजात मिळालेली आहे. वेगवान नावेपेक्षा संथ डोंग्यावर हे यंत्र जास्त खरे बोलेल, यात मला शंका नाही.

सुरुवात करताना दोन कामे करा. नव्या, कोरड्या ट्रान्सड्यूसरच्या गुळगुळीत तोंडावर पाण्यात बुडवतानाच हवेचे बारीक मणी चिकटतात. भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याने ते तोंड बोटाने चोळून मगच पाण्यात सोडा, आणि पुढेही शेवाळ धरू देऊ नका. मग पहिल्या दिवशी मासे शोधू नका. लाइफ जॅकेट घालून, तीन-चार मीटर पाण्यात डोंगा उभा करा, मोजून खुणा केलेला दुसरा लांब बांबू तळाला टेकवा, त्याच्यावरची खूण आणि पडद्यावरचा आकडा ताडून पाहा. दोन्ही जुळले की पुढे वल्हवा.